आईची गुळगुळीत जीभ

आईच्या गालातली गाठ काढली आणि मग काही आठवडे किरणांचे शेक दिले. ते संपता संपता तिच्या तोंडाची चव गेली. आधी गोड कळेनासं झालं, मग मीठही.

डॉक्टरांनी तिला जीभ बाहेर काढायला लावली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. "जिभेवर बारीक बारीक दाणे असतात. चव त्यांच्यामुळं कळते. शेकानं ते झिजलेत. बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात."

आईची जीभ लाल आणि गुळगुळीत दिसत होती, सोललेल्या टमाट्यासारखी.

त्यानंतर सक्करदऱ्याच्या घरी आई रोज सकाळी खिडकीपाशी आरसा धरून जीभ बघायची. "एखादा दाणा उगवून राहिला का रे?" मला विचारायची. मी वाकून बघायचो. काही नसायचं.

आमच्याकडे पाहुणे यायचे ते तिच्या हातच्या बेसनाच्या पाटोडीच्या रश्शासाठी. वर्ष उलटल्यावर एका रविवारी तिनं तो पुन्हा करायला घेतला. कोणालाच ओट्याजवळ येऊ दिलं नाही. खोबरं, खसखस भाजल्याचा वास घरभर पसरला. बाबा खुशीत पाटावर बसले.

पहिल्या घासालाच माझी जीभ आखडली. मीठ दुप्पट पडलं होतं.

"कसा झाला जी?"

"मस्त झाला वं, पहिल्यासारखा," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी वाढून घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

आई त्यांच्या रिकाम्या तांब्याकडे बघत राहिली. "काहून खोटं बोलता? अख्खा तांब्या रिता केला तुम्ही."

"अवं, कमी-जास्त होतेच."

"मले समजूनच नाही राहिलं ना, मीठ हाय का माती!"

तिनं ओट्यावरचा भरलेला गंज उचलला आणि सगळा रस्सा मोरीत ओतला. मी अडवायला उठलो, पण बाबांनी माझा हात धरला. त्या दिवसानंतर ती ओट्याशी उभी राहिली नाही. आरसाही तिनं कपाटात टाकला.

यंदाच्या तपासणीत आजार कुठंच दिसला नाही. नातेवाइकांचे फोन आले, नशीब काढलं म्हणाले. बाबांनी पेढे आणले. आईनं एक तोंडात धरला, बराच वेळ घोळवला.

"मऊ हाय," एवढंच म्हणाली.

मग पेढा तळहातावर काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता तिला दोन घास भरवायलाही बाबांना हाता-पाया पडावं लागतं. ती दिवसेंदिवस वाळत चालली आहे, आणि डॉक्टर म्हणतात, ती बरी झाली.