माझा रायफलींचा संग्रह

माझ्याकडे जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह आहे. त्यात रायफल एकही नाही.

हसू नका. संग्रह कुठून तरी सुरू करावाच लागतो. माझा पट्ट्यापासून सुरू झाला, म्हणजे रायफल खांद्याला लटकवायच्या जाड कापडी पट्ट्यापासून. मग जुन्या बाजारातून काडतुसांची खाकी पिशवी आली, आणि त्यामागून तेलाची पितळी डबी (रायफलीची नळी आतून पुसायला लागते ती). पट्टा आईने तिच्या गादीची वळकटी बांधायला घेतला. पिशवीत बायकोने कपड्यांचे चिमटे भरले. डबी तेवढी माझ्या ताब्यात राहिली, कारण तिचं झाकण घरात कोणाकडूनच उघडलं नाही.

औषध कंपनीच्या स्टोअर्समधून मी निवृत्त झालो तेव्हा शुभदाने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगून टाकलं होतं, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या. माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरू नका." म्हणून मी मोबाईल घेऊन बसलो आणि एका गोऱ्या काकांच्या व्हिडिओत अडकलो. हे काका गॅरेजमध्ये लाकडी खोकं फोडतात, आतून ग्रीसने माखलेली महायुद्धातली रायफल काढतात, तिचा वास घेतात आणि डोळे मिटतात. असा चेहरा मी फक्त प्रसूतिगृहाच्या दारात पाहिलाय! त्यांचे झाडून सगळे व्हिडिओ मी पाहिले. "पहिली रायफल घेताना घाई करू नका," असं ते दर वेळी बजावायचे. मी माझं आख्खं आयुष्य मुलुंडमध्ये न घाई करता काढलंय, त्यामुळे ही अट मला सहज जमण्यासारखी वाटली.

आधी सल्ला घ्यावा म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या कर्णिककडे गेलो. कर्णिक जन्मभर एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करत होता, त्यामुळे आमच्या बिल्डिंगपुरता तो सुप्रीम कोर्ट आहे.

"लायसन्स लागतं," तो म्हणाला. "आणि कारण द्यावं लागतं. काय सांगशील?"

"बिबट्या! आपल्या मागे डोंगर आहे ना?"

"परब, बिबट्या कॉलनीत कुत्र्यांसाठी येतो. तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही."

विषय तिथेच संपायला हवा होता. पण सप्टेंबरात मी जुन्या ऑफिसच्या लोकांबरोबर समुद्रकाठच्या मढला सहलीला गेलो. शेजारच्या बंगल्यात कसलं तरी शूटिंग संपून आवराआवर चालली होती. टेम्पोत सोफे, झुंबरं, एक प्लास्टरचा घोडा आणि त्या घोड्याला टेकून उभी... रायफल! माझे पाय आपोआप तिकडे वळले.

"असली है क्या?" मी सामानवाल्याला विचारलं.

त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. (आता कळतं, गिऱ्हाईक कसं ओळखतात.) "एकदम असली, साब. मिलिट्री का माल. अंदर से बंद किया हुआ है, लायसन्स का झंझट नहीं. बस बोल्ट मत खींचना, जाम है. और धूप में मत रखना."

उन्हात का ठेवायची नाही, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. वजन जरा कमी वाटलं, पण गोऱ्या काकांनीच सांगितलं होतं की जंगलातल्या लढाईसाठी हलक्या रायफली काढल्या होत्या. म्हणजे ही त्यातलीच, तीही दुर्मिळ! वास ग्रीसचा नव्हता, पण इतक्या वर्षांत वास बदलणारच की. मी ती चादरीत गुंडाळली आणि मुलुंडपर्यंत तीन रिक्षावाल्यांना 'पडद्याचा रॉड' म्हणून सांगत घरी आणली.

शुभदाने दार उघडलं, चादर उघडली आणि कपाळाला हात लावला.

"अहो! पासपोर्टचे पोलीस यायचेत घरी आणि तुम्ही बंदूक आणलीत?"

ह्या पासपोर्टचं सांगायला हवं. आमची मधुरा जर्मनीत असते आणि तिला डिसेंबर अखेरीची तारीख दिली होती. पहिलं बाळंतपण, तेही बर्फात, परक्या मुलखात. शुभदाने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्टसाठी अर्ज केला होता. सगळं पार पडलं होतं, फक्त पोलिसांनी घरी येऊन चौकशी करायची राहिली होती. त्या पोलिसांसाठी तिने सोफ्याला नवी कव्हरं शिवली होती. डिंक, खारीक, आळीव आणून डबे भरून ठेवले होते. "मी तिच्या उशाशी असणार म्हणजे असणार," एवढंच ती सारखी म्हणायची, आणि म्हणताना तिचे डोळे भरायचे. माझेही भरायचे, पण मी त्या वेळी डबीचं झाकण उघडत असल्याचं दाखवायचो.

"अगं, आतून बंद आहे ती. नुसती शोभेची," मी म्हणालो आणि रायफल माळ्यावर टाकली. तिथे ती राहिली असती तर हा लेख मी लिहिला नसता. पण मध्ये दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोकणातून येताना वडिलांनी आणलेला कोयता, विळी, शुभदाची कात्री, माझा ड्रिल, पाना, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं पाटावर मांडतात. माझी आई पंच्याऐंशीच्या पुढची आहे, पण ह्या पूजेत ती कोणाचं ऐकत नाही.

"ती बंदूक खंय आसा?" तिने सकाळीच विचारलं. "आमच्या घरात कोयतो सोडून हत्यार कधी इला नाय. काढ तिका!"

रायफल पाटाच्या मधोमध आली. कोयता बिचारा कडेला सरकला.

"कुंकू खंय लावू रे? तोंडाक की ढुंगणाक?"

"दोन्हीकडे लाव आई," मी उदारपणे म्हणालो. झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली, उदबत्ती ओवाळली. ओवाळताना उदबत्ती जरा नळीला लागली.

"अरे, टायर जळल्यासारको वास येता!"

"बारूद आहे ती, आई! महायुद्धापासून मुरलेली!" मी फोटो काढला, खाली लिहिलं, 'आमच्या घरी या वर्षी नवीन शस्त्र!' आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. निदान मला वाटलं की नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. तो गेला बिल्डिंगच्या ग्रुपवर.

पहिल्या मजल्यावरून जोडलेल्या हातांची चित्रं आली, चौथ्यावरून 'झकास काका!' आलं. कर्णिककडून काही आलं नाही. कर्णिक स्वतःच आला, बनियनवर.

"परब, वेडाबिडा झालायस का? बंद केलेली असली तरी कागद लागतो! कागद आहे?"

"तो म्हणाला लागत नाही..."

"कोण म्हणाला?"

"प्लास्टरच्या घोड्याजवळ उभा होता तो."

"वाट लागली! विनापरवाना शस्त्र, वर पूजा करून जाहिरात! तू आत जाशील आणि वहिनींच्या पासपोर्टवर कायमची फुली!"

नेमका त्याच वेळी शुभदाचा फोन वाजला. पोलीस ठाण्यातून होता. उद्या सकाळी चौकशीला येतो, घरी राहा, असं सांगत होते. फोन ठेवून ती खाली बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "माझी पोर तिकडे एकटी कळा देईल आणि मी इथे तुम्हाला डबा पोचवत असेन."

हे ऐकून मला माझी इतकी लाज वाटली की मी तिथेच जाहीर केलं, रायफल आजच्या आज खाडीत!

कल्पना कर्णिकची. (हे तो आता नाकारतो.) संध्याकाळी लोक निर्माल्य घेऊन मुलुंडच्या खाडीवर जातातच, आपलंही निर्माल्य. रायफल चादरीत, वरून झेंडू, आपट्याची पानं, नारळ. कर्णिक स्कूटर चालवतोय, मी मागे निर्माल्य उभं धरून बसलोय. सिग्नलला एका बाईंनी त्याला नमस्कारसुद्धा केला.

धक्क्यावर पोचलो. त्या दिवशी देवींचं विसर्जन होतं, हे आम्ही दोघं पार विसरलो होतो! ढोल, गुलाल, माणसं आणि चहूकडे पोलीस. परत फिरावं तर मागे मिरवणूक. शेवटी आम्ही धक्क्याच्या एका टोकाला गेलो, मी डोळे मिटले, तिची मनापासून क्षमा मागितली आणि निर्माल्य पाण्यात सोडलं.

नारळ बुडाला. चादर बुडाली. रायफल बुडाली नाही.

ती चादरीतून सुटून वर आली आणि गळ्यात हार, कपाळाला कुंकू अशा थाटात मोठ्या देवीच्या मागे मागे संथपणे निघाली! मी किनाऱ्यावरून हाताने 'खाली जा, खाली जा' अशा खुणा करत होतो. कर्णिक म्हणाला, "खडा मार, खडा मार!" मी खडा मारला. तो देवीच्या होडीवर लागला. सगळ्यांनी वळून आधी आमच्याकडे आणि मग रायफलीकडे पाहिलं.

होडीतल्या कोळ्याने तिला वल्ह्याने ओढून घेतलं आणि हात वर करून ओरडला, "ओ काका! ही तुमची बंदूक बुरत नाय! आनू का परत?"

"नको!" मी आणि कर्णिक एकदम ओरडलो. पण तो मदत करणारा माणूस निघाला. त्याने होडी धक्क्याला लावली तोवर बंदोबस्तावरचे एक हवालदारही तिथे पोचले.

"काय प्रकार आहे? कोणाची ही?"

मी तोंड उघडायच्या आत कोळ्याने नळी दोन्ही हातांत धरून वाकवली. नळी वाकली. सोडली, तशी डुगडुगत सरळ झाली. "रबराची हाय, साहेब! शुटिंगवाल्यांची. हानामारीत डोक्यात घालतात ना, तसली."

सभोवार हशा पिकला. त्या क्षणी मी सुटलो होतो. रबर बाळगायला परवाना लागत नाही. शुभदाचा पासपोर्ट वाचला होता, जर्मनी वाचली होती, मी फक्त 'हो, खेळण्यातली आहे' म्हणून हसायचं होतं. पण माझ्यातला संग्राहक दुखावला!

"रबराची कशी असेल?" मी म्हणालो. "असली आहे ती! महायुद्धातली! जंगलातल्या लढाईचं दुर्मिळ मॉडेल आहे!"

"परब, गप्प बस!" कर्णिक कानाशी फुत्कारला.

"अरे गप्प काय? बारुदीचा वास येतो तिला! आमच्या आईने घेतलाय!"

हवालदारांनी मला रायफल वाकवून दाखवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग दस्त्याखाली बोट ठेवलं. कुंकू धुऊन निघालं होतं आणि तिथे कुठल्याशा खेळणी कारखान्याचा ठसा होता. मी तरीही म्हणालो, "तो नंतर मारला असेल." मला खरंच अटक व्हायची इतकी घाई का झाली होती, हे मला आजवर उमगलेलं नाही.

"नाव काय तुमचं?"

"परब," कर्णिकनेच सांगून टाकलं.

"परब? ते पासपोर्टवाले? उद्या तुमच्याकडेच यायचंय मला." त्यांनी रायफल माझ्या हातात दिली. "घेऊन जा ही. खाडीत कचरा टाकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी हवालदार आले, नव्या कव्हरांवर बसले, चहा घेतला. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी शुभदाला विचारलं, "घरात कोणावर काही गुन्हा वगैरे?"

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. "गुन्हा नाही हो साहेब," ती म्हणाली, "नुसता छंद आहे."

हवालदार हसले आणि त्यांनी सही केली. पासपोर्ट आला, व्हिसा आला आणि डिसेंबरात शुभदा डिंकाच्या लाडवांसकट मधुराच्या उशाशी जाऊन पोचली. मुलगा झाला. विमानतळावर शुभदाला निरोप देताना मी रडलो होतो, आणि त्या वेळी डबीही जवळ नव्हती.

रायफल आता गॅलरीत असते. आमच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला आहेत आणि कपडे वर चढवायची काठी कधीची मोडली होती. आईने फर्मान काढलं, "ह्या बंदुकीन कपडे वर घाल. पूजा केलेली आसा, कामाक येवक व्हयी." त्यामुळे शुभदा नव्हती तेवढे दिवस रोज सकाळी तो मोर्चा मीच सांभाळला, खांद्याला काडतुसांची पिशवी अडकवून. चिमटे तिच्यातच असतात.

एके सकाळी जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. शुभदाच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला नातू होता. त्याला मोबाईलकडे वळवून ती म्हणाली, "बघ रे सोन्या, तुझे आजोबा! रायफल चालवतायत!"

मी ताठ उभा राहिलो, ओली चादर नळीवर घेतली आणि दांडीच्या दिशेने नेम धरला. नळी वाकली आणि चादर माझ्या डोक्यावर पडली. आतून मला काही दिसत नव्हतं, पण नातू आयुष्यात पहिल्यांदा हसला म्हणे.