आपल्यातला वकील

१२ जानेवारी. सकाळी मटार सोलायला बसले होते. जयपुरात या दिवसांत मटार स्वस्त होतो, घरोघरी गोणीने येतो आणि सोलून फ्रीजरमध्ये जातो. पाठीवर ऊन घेत अंगणात बसले असताना फाटकाबाहेर दोन माणसं टेप धरून आमच्या घराची रुंदी मोजताना दिसली.

एक मिस्त्री होता. दुसऱ्याला मी ओळखत होते. आमच्या जागेवर दावा लावणारा तोच. आमच्या मुरलीपुरा वस्तीत बऱ्याच प्लॉटांची मालकी सोसायटीने लिहून दिलेल्या पट्ट्यावर, म्हणजे मालकीच्या कागदावर, चालते. आमच्या सोसायटीने एकाच प्लॉटचे दोन पट्टे दोघांना दिले. आमचा आधीचा, त्याचा नंतरचा. आम्ही घर बांधलं, मुलगी इथेच वाढली, तिचं लग्नही झालं, आणि मग हा उगवला.

मी फाटकाशी जाऊन विचारलं, काय चाललंय?

"कुछ नहीं आंटीजी, नाप ले रहा हूँ। कल बहस है, फिर फैसला।" तो अगदी अदबीने बोलत होता. "आपकी तरफ से तो कोई आता ही नहीं।"

"रसोई वाली दीवार तो जाएगी," मिस्त्री टेप गुंडाळत त्याला म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

नवरा रेल्वेत ड्रायव्हर. गाडीवर असला की त्याचा मोबाईल बंद असतो. मी आमच्या वकिलांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कट केला.

हे वकील आम्ही एकाच कारणासाठी धरले होते. ते मराठी होते. नवऱ्याची भुसावळहून बदली होऊन आम्ही इथे आल्यापासून मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख. त्यांची बायको माझ्याकडे हळदीकुंकवाला येणारी. "वहिनी, तुम्ही कशाला कोर्टात येताय? मी आहे ना," असं ते म्हणाले आणि आम्हाला बरं वाटलं. इथला एखादा वकील असता तर दहा प्रश्न विचारले असते, झेरॉक्स देऊन अस्सल कागद घरी ठेवले असते. यांना अस्सल पट्टा नेऊन दिला आणि वर डब्यातून पुरणपोळ्या. केसचं काय झालं, असं कधी विचारलंच तर ते हसायचे. "घरच्या माणसावर विश्वास नाही का?" मग कोण विचारणार?

शेजारच्या भाभीजींनी मला फाटकाला धरून उभी राहिलेली पाहिलं. सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "घबराना बाद में। चप्पल पहनो।" त्यांच्या भावाची केस लढलेली एक वकीलबाई दोन गल्ल्या सोडून राहत होती. घराच्या गॅरेजमध्येच तिचं ऑफिस. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने मोबाईलवर आमची केस शोधली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. आमच्या बाजूने कितीतरी तारखांना कुणी हजर नव्हतं. कोर्टाने एकतर्फी चालवायला घेतलं होतं. समोरच्याची साक्षही होऊन गेली होती.

"वकील रखा था या रिश्तेदार?" तिने विचारलं.

मी स्क्रीनवरच्या तारखा पुन्हा वाचल्या.

तिने मग सरळ सांगितलं. उद्या बहस, म्हणजे युक्तिवाद, सुरू व्हायच्या आत अर्ज द्यायचा. कोर्टाने ऐकलं तर बाजू मांडायला मिळेल, ऐकेलच असं नाही. त्यासाठी मूळ फाइल हवी आणि वकील बदलायला हरकत नाही, अशी जुन्या वकिलाची सही हवी. "और पट्टा," ती म्हणाली. "ओरिजिनल उन्हीं के पास है? वह खो गया तो बहुत मुश्किल होगी।" फी किती, कशाकशाची, हे तिने न विचारता सांगितलं, पावती फाडली, आणि मला घरी पाठवलं.

संध्याकाळी वकिलांनी फोन उचलला. फाइल मागितल्यावर दुखावले. "वहिनी, कुणीतरी तुमचे कान भरलेत." संक्रांत होऊ द्या, मग बसून बोलू, म्हणाले आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात गेले. भिंतीवरचे डबे उतरवायला लागले आणि आपण काय करतोय ते लक्षात आल्यावर परत लावले. नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला एवढंच सांगितलं की सकाळी बाहेर जायचंय. त्याला पुढे गाडी न्यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी रिक्षाने वकिलांच्या दारात. बायकोने दार उघडलं, "अय्या, इतक्या सकाळी?" म्हणत चहा टाकायला गेली. ते शाल पांघरून बाहेर आले.

"संक्रांत होऊ द्या म्हटलं ना."

"बहस आज आहे."

"आज?" म्हणाले आणि बायकोकडे बघितलं.

त्यांना माहीतच नव्हतं. कालच्या टेपपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली. पट्टा कुठे आहे, हे तरी या माणसाला माहीत असेल का? दिवाणाखालच्या गठ्ठ्यांतून त्यांनी एक फाइल काढली, ती दुसऱ्याच कुणाची निघाली. मग आणखी एक. शेवटी बायकोने कपाटावरून आमची काढली. मी टेबलावर एकेक कागद उलटला. पट्टा सगळ्यात खाली होता. कोपरा दुमडलेला, पण होता.

त्यांनी सही केली. "मंडळात काय सांगणार आहात?"

"काही नाही. शनिवारी हळदीकुंकू आहे, वहिनींना पाठवा."

चहा न घेता निघाले. कोर्टाच्या फाटकाशी वकीलबाई थांबली होती. तिने उभ्याउभ्याच फाइल चाळली, पट्टा पाहिला आणि आत चला म्हणाली. आमचा पुकारा झाला तेव्हा तो माणूस पुढच्या बाकावर होता. त्याने मागे वळून पाहिलं. अर्ज वर गेला. जज साहेबांनी तो वाचला, मग मान वर केली.

"इतने दिन कहाँ थीं आप?"

"घर पर," मी म्हणाले. आवाज नीट आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.