चुकीच्या माणसाला नमस्कार

लोक पाया पडायला लागले की माणूस सुखावतो म्हणतात. मला मात्र एका दसऱ्यापासून पुढे कितीतरी महिने त्याची धास्ती वाटत होती. जिन्यात कुणी वाकताना दिसलं की मी घाईघाईनं किल्ली शोधल्याचं सोंग करायचो. विरारच्या डोंगरावरच्या जीवदानी आईची सेवा मी कळत्या वयापासून करत आलो आहे. पण त्या दिवसांत देवघरात हात जोडून उभा राहिलो की नजर तिच्या मुखापर्यंत जायचीच नाही, पावलांवरच अडकायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरार पूर्वेला चंदनसारला आमची इमारत नवी होती. माणसं कुठून कुठून आलेली, कोकणातली, घाटावरची, गिरगाव-परळ सोडून आलेली. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे खालच्या मोकळ्या जागेत बसणारी नवरात्रातली देवी. तिचा सगळा कारभार माझ्याकडे असायचा. नऊ दिवस मी फळं आणि दुधावर राहायचो. त्यामुळे लोकांना माझ्याविषयी आदर होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो होता.

अष्टमीच्या सकाळी मखरामागे लावायचा मोठा आरसा माणसं उचलून आणत होती. तो हातातून निसटला आणि फुटला. बाजूला रांगोळी काढत बसलेल्या स्नेहलनं, पहिल्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीनं, तोंड वाचवायला हात वर केला. काचेची धार तिच्या कोपराच्या आतल्या बाजूनं खोल गेली आणि रक्त उसळ्या मारत बाहेर आलं. तिच्या सगळ्यात जवळ मीच होतो. तिनं माझ्याकडे पाहून फक्त “काका” म्हटलं. मी देवीचं नाव घेतलं, एक पाऊल पुढे टाकलं, आणि रांगोळीवरून माझ्या पायाकडे येणारा लाल ओघळ पाहून डोळ्यांपुढे अंधारी आली. पडता पडता एवढंच दिसलं, की पिकल्या केसांची एक अनोळखी बाई गर्दी सारत आली, मुलीशेजारी गुडघ्यांवर बसली आणि मखराच्या कापडाची घडी करून तिनं ती जखमेवर दाबून धरली.

शुद्धीवर आलो तेव्हा कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारत होतं. ती बाई मुलीचा हात तसाच दाबून धरून रिक्षात बसली होती, सोबत स्नेहलची आई. दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीला ताब्यात घेतलं आणि गडबडीत बाई निघून गेली. नाव-गाव विचारायचं भान कुणालाच राहिलं नाही. मुलगी वाचली. अजून थोडं रक्त गेलं असतं तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

इथपर्यंत ठीक होतं. पण संध्याकाळच्या आरतीपर्यंत इमारतीत वेगळीच गोष्ट तयार झाली. काका पडले आणि त्याच क्षणी मुलीचं रक्त थांबलं. काकांनी तिचं संकट स्वतःवर घेतलं. कडक उपवास उगाच नाहीत. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं, की बाबांनो, मला रक्त पाहून घेरी आली, बाकी काही नाही. दोनदा सांगायला गेलोही. पण त्याला लोक माझी विनम्रता म्हणू लागले, आणि मग मी गप्प बसलो. दसऱ्याच्या दिवशी स्नेहलच्या आईनं सर्वांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्या कपाळाचा गरम स्पर्श मला पुढे कित्येक दिवस पावलांवर जाणवत राहिला.

निदान पुन्हा तशी वेळ आली तर हात पुढे जावा, म्हणून मी रक्त थांबवायला शिकायचं ठरवलं. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले की दाबून धरायचं आणि आमच्याकडे आणायचं, त्यात शिकायचं काय. आग विझवणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी वाळूची बादली आणि लाल नळकांडं कसं वापरायचं ते प्रेमानं दाखवलं, रक्ताचं मात्र त्यांच्याकडे काही नव्हतं. मुंबईत वर्ग चालतात असं कळलं, पण ते कामाच्या दिवशी, तेही कारखान्यातल्या लोकांसाठी. आमच्या भागात एवढी वस्ती वाढत होती, रस्त्यावर रोज काही ना काही होत होतं, आणि हे साधं काम शिकवणारं कुणी सापडत नव्हतं.

एका शनिवारी कामासाठी वसईला गेलो होतो. तिथल्या होळी नावाच्या गावात एसटीची वाट पाहत असताना चर्चच्या फळ्यावर हातानं लिहिलेला कागद दिसला. ‘जखमेतलं रक्त थांबवणं आणि प्रथमोपचार. रविवारी दुपारी, हॉलमध्ये. सर्वांसाठी.’ त्या ‘सर्वांसाठी’वर माझी नजर खिळली. दुसऱ्या दिवशी गेलो. दारात पोचल्यावर मला आपल्या कपाळावरचं कुंकू आठवलं, आणि मी ते रुमालानं पुसलं. मला कुणीही पुसायला सांगितलं नव्हतं. पुसल्यावर इतकं ओशाळल्यासारखं झालं, की परत फिरावंसं वाटलं.

आत शिकवायला तीच बाई उभी होती.

मुंबईच्या एका इस्पितळात तिनं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली होती आणि निवृत्त होऊन ती गावी राहत होती. अष्टमीला ती भाच्याचं घर शोधत आली होती आणि रिक्षावाल्यानं तिला चुकून आमच्या फाटकाशी सोडलं होतं. मी ओळख दिली तेव्हा तिनं आधी मुलीची चौकशी केली, मग हळूच विचारलं, “आणि तुम्हाला फार लागलं नव्हतं ना? वाईट पडलात.” मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या आवाजात चेष्टेचा लवलेशही नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

त्या दुपारी लाल रंगाचं पाणी पाहूनही मला घाम फुटला. बाकीचे, त्यात कॉलेजातल्या मुली होत्या, केळीची वाडी असलेले एक म्हातारे होते, सगळे एकमेकांच्या हातावर दाब देऊन शिकत होते, आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. बाई माझ्याजवळ आली.

“उभे कशाला राहता? आधी गुडघे टेका,” ती म्हणाली. “खाली बसलेला माणूस पडून पडून कुठे पडणार? मग दोन्ही हात जखमेवर ठेवा आणि सगळा भार सोडून द्या. तुमची ताकद नको, नुसता भार पुरतो. आणि उचलून बघू नका, थांबलं का म्हणून. मदत येईपर्यंत तसंच राहायचं.”

मी रविवारमागून रविवार जात राहिलो. काचेचा तुकडा आत रुतला असेल तर तो उपटायचा नाही, त्याच्या कडेनं दाबायचं. कापड भिजलं तर काढायचं नाही, वर दुसरं ठेवायचं. हे सगळं हातांना कळू लागलं. मन मात्र तसंच भित्रं राहिलं.

पावसाळ्याआधीच्या एका संध्याकाळी चंदनसारच्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरनं एका स्कूटरवाल्याला उडवलं. त्याच्या पोटरीतून रक्ताची धार लागली होती. माणसं गोल करून उभी होती, अष्टमीला उभी होती तशीच. माझे कान बधिर झाले, डोळ्यांपुढे तेच काळं येऊ लागलं. मी रस्त्यावरच गुडघे टेकले. रुमाल पुरेना म्हणून सदरा काढला, त्याची घडी जखमेवर ठेवली आणि अंगाचा सगळा भार हातांवर टाकला. एकही स्तोत्र आठवलं नाही. जीवदानी आईचं नावसुद्धा धड घेता आलं नाही. मान खाली गेली, कपाळ त्या माणसाच्या गुडघ्यावर टेकलं, पण हात जागचे हलले नाहीत. मी त्यांना धरून ठेवलं होतं असं मला म्हणता येत नाही. कुणीतरी ते धरले होते. लोकांनी आम्हाला तसंच टेम्पोत चढवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. तो माणूस वाचला. मी मागच्या गल्लीत जाऊन उलटी केली आणि बनियनवर घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्यावर गेलो. स्नेहलच्या आईला सगळं सांगितलं. मी कसा पडलो, का पडलो, आणि इतके दिवस तिचा नमस्कार कसा घेत राहिलो. सांगताना माझी मान वर होत नव्हती.

ती तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. मग म्हणाली, “काका, मी तिथंच होते ना. मला माहीत होतं.”

“मग माझ्या पाया का पडलात?”

“त्या बाईंचा पत्ता नव्हता,” ती म्हणाली. “नमस्कार कुठंतरी ठेवायला हवा होता. तुम्ही देवीचं करता. वाटलं, तुमच्याकडे ठेवला तर पोचेल.”

माझ्याकडे ठेवलेलं मी माझंच समजून बसलो होतो.

त्या रविवारी स्नेहल, तिची आई आणि मी होळी गावात गेलो. स्नेहलची आई वाकली तेव्हा बाईनं तिला मधेच धरलं, जवळ घेतलं आणि मग आम्हा तिघांना सतरंजीवर बसवून म्हणाली की आता आलाच आहात तर शिकूनच जा. कपाळावरचं कुंकू मी त्या दिवशी पुसलं नव्हतं.

देवीनं मला त्या दोन प्रसंगांत काय दिलं, याचा मी अजून विचार करतो. बळ तिनं दिलं नाही. रक्त पाहिलं की आजही मला घेरी येते. तिनं मला खाली बसायला शिकवलं, तेही एका परक्या बाईच्या तोंडून, आणि आपला भार देवीवर सोडायचा म्हणजे काय ते रस्त्यावरच्या धुळीत दाखवलं. आता कुणी पाया पडलं तर मी पळत नाही. नमस्कार घेतो, आणि संध्याकाळी दिवा लावताना ज्याचा त्याला पोचता करतो.