खंडेनवमीची पिन

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, जिवाभावाच्या मित्रांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हा विषय शिताफीनं टाळत आलो. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणून तर सांगायला बसलो. ओळखीचे डोळे समोर असले की माझी जीभ अडते. आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते दाजी, माझ्या अक्काचे यजमान, आता नाहीत.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीविषयी बोलणं सोपं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शाहूपुरीत गुळाची अडत होती आणि मागच्याच गल्लीत आमचं घर. एका जुन्या सरदार घराण्यानं नको असलेलं सामान काढायला घेतलं, त्यात ही गाडी होती. विलायती, लांब नाकाची, डोक्यावर छप्पर नसलेली स्पोर्ट्स कार. कितीतरी वर्षं गोठ्यात पोत्यांखाली उभी होती, सीटवर कोंबड्यांनी संसार मांडला होता. आबांनी कुणाच्या तरी शब्दाखातर ती घेतली आणि बैलगाडीला बांधून घरी आणली. आई पदर खोचून बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "दोघंच बसणार व्हय ह्यात? मग बाकीच्यांनी काय मागनं पळायचं?"

आबांचा उत्साह आठवड्यात संपला. दाजींचा मात्र तिथून सुरू झाला. दाजी हायस्कुलात भूगोल शिकवायचे, पण खरा जीव यंत्रांत. सायकल असो, शिलाई मशीन असो, बिघडलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. जावई म्हणून सासुरवाडीला यायचं, कौतुक करून घ्यायचं, ते सोडून हा माणूस रविवारी सकाळीच सदरा काढून बनियनवर गाडीखाली शिरायचा. आबा कौतुकानं हाक मारायचे — "शंकरराव, चहा तरी घ्या." गाडीखालून फक्त "आलोच" एवढं ऐकू यायचं आणि चहा निवून जायचा.

मी कॉलेजात होतो. दाजींनी मला हाताशी घेतलं म्हणण्यापेक्षा भागीदार करून घेतलं. परसात आम्ही ती अख्खी गाडी सोडवली. पार्ट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तुटका तुकडा नमुन्याला घ्यायचा आणि उद्यमनगरात जायचं. तिथं शेतावरच्या ऑइल इंजिनांचे पार्ट करणारी माणसं तो हातात घेऊन उलटापालटा बघायची आणि लेथवर तसाच दुसरा काढून द्यायची. कुठला देश, कुठली कंपनी, कुणी विचारत नसे. अशी आमची ती गाडी निम्मी विलायती आणि निम्मी उद्यमनगरची झाली. पहिल्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा दाजींनी मला मिठी मारली होती. दोघांचे कपडे ग्रीसनं बरबटलेले. तो आनंद खरा होता, तेवढं तरी मला म्हणू द्या.

दाजींचा कामाचा एक नियम होता. ज्यानं सोडलं, त्यानंच बसवायचं. मी उघडलेला नट दाजी कधी तपासायचे नाहीत, फक्त विचारायचे. तपासलं तर तुला स्वतःवर भरवसा कसा यायचा, म्हणायचे. मला त्या नियमाचा केवढा अभिमान होता! मित्रांना सांगत फिरायचो, की भूगोलाचे सर माझ्या शब्दावर गाडी चालवणार.

माझ्या शब्दावर.

गाडी दसऱ्याला बाहेर काढायची ठरली. दाजी आणि अक्का तीत बसून दसरा चौकात सीमोल्लंघनाला जाणार होते. आदल्या दिवशी खंडेनवमी. एकच महत्त्वाचं काम उरलं होतं आणि ते माझ्याकडे होतं. पुढची चाकं वळवणारा जो रॉड असतो, तो मी आदल्या रविवारी साफ करायला सोडला होता. तो बसवायचा, नट पान्यानं आवळायचा आणि नटातून एक पिन आरपार घालून तिची टोकं वाकवायची. गाडीच्या हादऱ्यांनी नट फिरू नये म्हणून ही पिन. करंगळीएवढी वस्तू. दाजी सीटकव्हर आणायला शिंप्याकडे गेले, जाताना म्हणाले, आधी रॉड, मग बाकीचं.

मी काय केलं? रॉड जागेवर बसवला, नट बोटांनी फिरवला — आणि तेवढ्यात मित्र आले. गाडी बघायला. मग मी फडकं घेऊन दिवे घासायला लागलो. हॉर्न वाजवून दाखवला. एकेकाला आत बसवलं. नट कुठं पळून जातोय, असं मनाशी म्हणालो. सकाळ अशी मिरवण्यात गेली.

मित्र गेले आणि आई ताट घेऊन परसात आली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पुसून देवापुढे मांडतात. एकदा हळदकुंकू वाहिलं, की दसऱ्याला सोनं लुटून परत येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्या अडतीतला तराजूसुद्धा त्या दिवशी रिकामा बसायचा. आईनं घाई केली आणि मी पाने, पकड, हातोडी सगळं गोळा करून दिलं. पिनांचा पत्र्याचा डबाही दिला. देवघरात तिनं त्या डब्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि तेव्हा मला आठवलं.

आईला म्हणालो असतो तर? कुरकुरली असती, कदाचित देवाची माफी मागून पाना दिलाही असता. शेजारी मागून उपयोग नव्हता, त्या दिवशी अख्ख्या गावातले पाने देवापुढे बसलेले. पण पाना मिळाला नसता तरी काय बिघडत होतं? तोंड तर माझ्याजवळ होतं. गाडी उद्या काढू नका, एवढंच म्हणायचं होतं. त्यावर देवाचं काही बंधन नव्हतं.

संध्याकाळी दाजींनी नियमाप्रमाणे विचारलं, "रॉडची पिन घातलीस न्हवं?"

"व्हय, घातली की," मी म्हणालो.

का? सकाळभर काय करत होतास, हा प्रश्न मला नको होता. बस्स, एवढंच. एखाद्या मोठ्या कारणासाठी खोटं बोललो असतो तर निदान सांगायला काही राहिलं असतं.

दसऱ्याला दुपारी गाडी दारात आणली. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, सगळी गल्ली जमलेली. मी ठरवून आलो होतो — दाजींना बाजूला घेऊन सांगायचं. खरंच ठरवलं होतं. तेवढ्यात आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उभ्या जन्मात त्यांनी मला चांगलं म्हटलं नव्हतं. लोकांकडे बघून ते म्हणाले, "शंकररावांनी आणि आमच्या पोरानं गाडी उभी केली." त्यांचा हात खांद्यावर होता तोवर माझ्यानं बोलवेना. तो हात निघाला तेव्हा अक्का हिरवं लुगडं सावरत दाजींच्या शेजारी बसली होती आणि गाडी हलली होती. मी सायकल काढली आणि मागं निघालो.

पुढचं थोडक्यात सांगतो. वळणावर एक चाक वळलं आणि दुसरं सरळच राहिलं. गाडी रस्ता सोडून कडेच्या दगडी गटारात कोसळली. दाजींचं कपाळ फुटलं. अक्काचा गुडघा पुढच्या लोखंडी पट्टीवर आपटून चुरला. तिची किंकाळी मी ऐकली, आणि लोकांची ओरडही ऐकली — "लई पळवली, लई पळवली!" तसली गाडी बघितल्यावर लोकांना दुसरं काय वाटणार?

सगळे दवाखान्याकडे धावले. तालमीतल्या पोरांनी दोर लावून गाडी घरी ओढत आणली. आबांनी मला घरी थांबायला सांगितलं होतं, कुणीतरी असावं म्हणून. दिवेलागणीला घरात मी एकटा होतो.

आता जे सांगायचंय त्यासाठीच इतका वेळ गाडीविषयी बोलत होतो. तोवर माझ्या हातून जे झालं होतं ते आळसानं झालं, भित्रेपणानं झालं. यापुढचं मी शुद्धीवर राहून केलं.

मी देवघरात गेलो. पूजा उतरवली नव्हती, तरी पाना उचलला. डबा उघडून पिन घेतली. काल त्या पान्याला हात लावायची माझी छाती झाली नव्हती, आज झाली! गाडीखाली शिरलो. रॉड सुटून लोंबत होता, नट रस्त्यात कुठंतरी पडलेला. रॉड जागेवर बसवला, दुसरा नट लावला, पिळून पिळून आवळला, पिन घातली, टोकं नीट वाकवली. वर चिखल चोपडला. बोटांना हळदकुंकू लागलं होतं ते आडावर धुतलं. अक्का तिकडे दवाखान्यात विव्हळत होती आणि मी इकडे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं काम करत होतो.

दुसऱ्या दिवशी दाजी कपाळाला पट्टी बांधून आले ते थेट परसात. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच घोळत असणार. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बाळू, खरं सांग. रॉड सुटलाता का?"

"न्हाय दाजी. पिनंसकट जागंवर हाय."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी वाकून स्वतः बघितलं. पिन दिसली. मग धुण्याच्या दगडावर बसले. म्हणाले, "मग माझंच चुकलं म्हणायचं." त्यांनी संशय घेतला याची त्यांनाच लाज वाटली असावी, कारण उठताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मी ते थोपटून घेतलं.

गाडी भंगारात गेली. दाजींनी पुन्हा कसल्याही गाडीच्या चाकाला हात लावला नाही, शिलाई मशीनसुद्धा उघडलं नाही. अक्काचा गुडघा कायमचा ताठ राहिला. पंचमीला गल्लीतल्या झिम्म्यात सगळ्यांच्या पुढे असणारी माझी बहीण पुढं प्रत्येक कार्याला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसायची. रागाच्या भरात ती दाजींना चारचौघांत बोलायची — तुमच्या हौसेपायी माझा पाय गेला. दाजी मान खाली घालून ऐकायचे. आबांनी त्यांना शंकरराव म्हणणं सोडलं. "पावणं, जेवून घ्या," एवढंच. वाटेवरच्या परक्या माणसालाही आम्ही पावणंच म्हणतो. आबा गेले तेव्हाही दाजी त्यांचे पावणंच होते, आणि तेव्हा खांदा द्यायला मी दाजींच्या बरोबर होतो.

एकदा आम्ही तिघं नरसोबाच्या वाडीला गेलो. अक्काला घाटाच्या पायऱ्या उतरणं जमत नसे. ती वर बसली, दाजी खाली गेले, तांब्याभर पाणी आणलं आणि वाकून तिच्या पायांवर घातलं. दर वेळी असंच करायचे म्हणे. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाळू, त्या दिवशी जरा सावकाश घ्यायला पायजे होती रे मी." आसपास कुणी नव्हतं. वारा होता, नदी होती, आणि माझ्याकडे द्यायला एक वाक्य होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या दाजी. झालं ते झालं." माफ केल्यासारखं म्हणालो. मी! त्यांना!

दाजी गेले. जायच्या आधीही ते अक्काला तेच म्हणत होते, मी घाई केली. गेल्या दसऱ्याला अक्काच्या पाया पडायला गेलो. तिनं माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, आणि भिंतीवरच्या दाजींच्या फोटोकडे बघून म्हणाली, "माणूस लई चांगलं होतं रे. त्या एका दिवशी तेवढी गाडी पळवली."

मी पान खिशात घातलं आणि चहा प्यालो.

त्या दिवशी मी सायकलवर मागं होतो, हे मघाशी सांगितलं. एक सांगायचं राहिलं. शेजारी अक्का बसलेली, रस्त्यावर पोराबाळांची गर्दी, म्हणून दाजी इतकी हळू गाडी नेत होते, की अंगावर जाऊ नये म्हणून मला दोनदा ब्रेक दाबून पाय खाली टेकावा लागला होता.