भिकाजींचं गाऱ्हाणं आणि दोन केबीची फाइल

आमचे हे, म्हणजे गुरुदास, मुंबईची नोकरी संपवून गावी, मसुऱ्यात परत आले ते कॉम्प्युटर घेऊन. तेव्हापासून घरात मला सवत आली. दिवसभर तिच्यापुढे बसायचं आणि डोकं खाजवायचं.

माझे सासरे भिकाजी देवळात गाऱ्हाणं घालायचे. नारळ पुढ्यात ठेवून अख्ख्या वाडीचं म्हणणं देवाला सांगायचं आणि लोकांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. गेल्या वर्षी ते गेले. यंदा मान ह्यांच्याकडे आला. सासऱ्यांच्या गाऱ्हाण्याचा एकच व्हिडिओ होता, कॉम्प्युटरवर. तो ऐकून पाठ करायचं ठरलं.

पण कॉम्प्युटर सारखा अडकायचा. म्हणे, जागा नाही. आमची लेक तन्वी फोनवर म्हणाली, "बाबा, मोठ्या फाइली झिप करा, लहान होतील." ह्यांनी नेमका तोच व्हिडिओ झिप केला. तेवढाच राहिला! व्हिडिओ मुळातच दाबलेला असतो, झिप करून आणखी दबत नाही, हे पोरगी सांगायला विसरली. ह्यांनी झिपची पुन्हा झिप केली. मग तिचीही. एकाच नावाच्या चार फाइली, चारही धिप्पाड, आणि जागा आणखीच कमी!

तेवढ्यात डेस्कटॉपवर त्याच नावाची पाचवी दिसली. फक्त दोन केबी.

"शर्मिला, झाली गो बारीक!"

मोठ्या चारही उडवल्या. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. मग त्या बारकीवर क्लिक केलं, तर उघडेचना. ती फाइल नव्हतीच. ह्यांना व्हिडिओ चटकन सापडावा म्हणून तन्वीने गणपतीला आली तेव्हा ठेवलेला, मूळ फाइलकडे नेणारा नुसता शॉर्टकट होता तो.

"माका कायेक कळना नाय," हे म्हणाले. "बाबा खंय गेले?"

"तुमीच घालवलात!" मी ओरडले आणि लगेच जीभ चावली. ह्यांचा चेहरा बघवेना. मालवणच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने खटपट केली, त्यानेही हात टेकले.

गाऱ्हाण्याचा दिवस आला. हे उभे राहिले, "बा देवा महाराजा..." म्हणाले, पण पुढचं पाठ कुठे होतं? सगळी वाडी ह्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"बा देवा महाराजा," हे एकदम म्हणाले, "माझ्या बापाशीचो आवाज त्या खोक्यात होतो. दाबून दाबून मी तो खंय घालवलंय, माका कळना नाय. लेकराची चूक पदरात घी, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

मग काय, हे थांबेचनात. विहिरीचं पाणी, काजूचा मोहर, पोरांच्या नोकऱ्या, सगळं सांगून टाकलं. शेजारच्या यशोदाकाकींनी माझा हात धरला.

"अगो, डोळे मिटून आयक. भिकाजीच बोलता गो."

मी मिटले. मेलं रडूच फुटलं मला.

घरी येताना ह्यांचं आपलं तेच, "पण ती फाइल गेली खंय गो?"

"आता कित्याक व्हयी ती?" म्हटलं. "चला, चाय टाकतंय."