काय उगवलं तुमच्याकडे?

सकाळी एप्रन चढवण्याआधी बाई फोन उचलायच्या आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारायच्या, "काय उगवलं तुमच्याकडे?" ऐकणाऱ्याला वाटावं, फोन शेतावर लावलाय. प्रत्यक्षात तो सदाशिव पेठेतल्याच, आमच्या रुग्णालयासमोरच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जायचा.

बाई आमच्याकडे जंतुतज्ज्ञ होत्या. रुग्णाच्या रक्तात कोणता जंतू वाढतो आणि तो कोणत्या औषधाला दबतो, हे शोधणं त्यांचं काम. त्याला दोन-तीन दिवस लागतात. मी वॉर्डची इनचार्ज सिस्टर. तापाचे तक्ते, औषधांच्या याद्या माझ्याकडे. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर अंदाजानं इंजेक्शन सुरू करतात. अंदाज चुकला, की ते दिवस रुग्णाच्या अंगावरून जातात.

एकदा विषमज्वराच्या काही रुग्णांचा ताप उतरेना. बाईंनी समोर विचारलं. तिथेही तोच जंतू, तेच निरुपयोगी इंजेक्शन, आणि माणसं सगळी धायरीकडची. बाईंनी दोन्हीकडची माहिती एकत्र केली, महापालिकेला कळवली, आणि पुढच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी योग्य औषध मिळालं. कुणाचं नाव नाही, घरचा पत्ता नाही. फक्त जंतू, भाग आणि औषध. इतकं साधं होतं ते.

तुम्हाला वाटेल, बाईंचा सत्कार झाला असेल. बोलावणं आलं खरं, पण व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये. वॉर्डच्या मागण्यांची यादी घेऊन मी तिथेच उभी होते.

"मॅडम, हा आपला डेटा आहे. समोरच्यांना फुकट कशाला द्यायचा?"

"आपला? जंतू काय आपल्या पगारावर आहेत?"

"उद्या ते सांगत सुटतील, आपल्याकडे औषधं लागू पडत नाहीत म्हणून."

"त्यांच्याकडेही पडत नाहीत. मीच विचारलंय की."

बाईंचा सकाळचा फोन बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून बाई आणि समोरच्या लॅबचे डॉक्टर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात भेटू लागले. मी एकदा बरोबर गेले होते. बाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "चहा पिण्यावर अजून परिपत्रक निघालेलं नाही, सिस्टर."

तेही वर पोहोचलं. बाईंचा करार पुढे वाढवला नाही. कारण दिलं काटकसरीचं. आता रक्ताचे नमुने बाहेरच्या कंपनीकडे जातात. 'रुग्णहित सर्वप्रथम' ही दारातली पाटी मात्र रोज पुसली जाते, त्यात काटकसर नाही. बाई नाशिकला लेकीकडे गेल्या. लॅबचा फोन माझ्या टेबलावर आला.

परवा तो वाजला. समोरचे डॉक्टर होते. बाई नाहीत हे त्यांना माहीत होतं. तरी सुरुवात तीच.

"सिस्टर, काय उगवलं तुमच्याकडे?"

"रिपोर्ट यायचाय, डॉक्टर."

"आमच्याकडे नेहमीचं इंजेक्शन पुन्हा चालेनासं झालंय. धायरीचं कुणी आहे का तुमच्याकडे?"

होतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक तरुण सून तापानं फणफणत होती. तिच्या सासूबाई सकाळपासून विचारत होत्या, "सिस्टर, आज तरी ताप उतरंल का वो?" आणि सलाईनमधून तेच इंजेक्शन थेंबथेंब चाललं होतं.

व्यवस्थापकांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं. मी रिसीव्हर तसाच उंच धरला आणि वॉर्डातल्या आमच्या डॉक्टरांना हाक मारली.

"डॉक्टर, आधी इकडे या! समोर काय उगवलंय ते ऐका!"

आवाज मुद्दामच खाली घेतला नाही.