भट्टीचा आवाज

हंबीरराव पाटलांना गल्लीत हंबीरराव म्हणणारी माणसं थोडी. बाकी सगळ्यांचे ते 'चिमणी'. सहा फुटी गडी, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत उभा जन्म गेलेला, आणि नाव काय, तर चिमणी! कोल्हापूरकरांनी एकदा नाव पाडलं की ते जन्माला पुरतं.

झालं होतं असं. शहाऐंशी साली फाउंड्रीत मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना एक कॅसेट विसरून गेला. तिच्यात मिनिटा-दीड मिनिटाची गाणी, नुसता आरडाओरडा आणि ठोकाठोक. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. हंबीररावांना मात्र वाटलं, अरे, हे तर आपल्याच शॉपमधल्या मशिनींचं! शेजारच्या मशीनवरचे बापूसो मगदूम गणपतीत ढोल बडवायचे आणि त्यांचा दोस्त सयाजी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तिघांनी मिळून बँड काढला, नाव 'भट्टी'. गाणी स्वतःची. साहेबाच्या केबिनला पंखा आणि भट्टीपुढं गडी भाजतोय, एवढ्यावर एक अख्खं गाणं होतं, आणि ते चहा गार व्हायच्या आत संपायचं.

सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शॉपमध्ये त्यांनी रेकॉर्डिंग केलं. सॉकेट एकच, त्यात गिटारचा अँप्लिफायर लावला, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर चालवला. दत्ताच्या देवळातली भजनाची पेटी आणली, तिच्या सुरावर गिटार जुळवली आणि तिघं जीव तोडून सुटले.

गणपतीत ती कॅसेट मंडळाच्या कर्ण्यावर लागली आणि गल्ली हसून लोळली. गाणी भलतीच पळत होती, गिटारची पिपाणी झाली होती आणि हंबीररावांचा आवाज म्हणजे निव्वळ चिवचिवाट. आपला आवाज ते यंत्रातून पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना वाटलं, मशीन कशाला खोटं बोलेल? बँड तिथंच मोडला. हंबीररावांनी तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. देवळातल्या आरतीतही ते नुसते ओठ हलवायचे. बायको तानाबाईंनी त्यांना साधं गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. आपण खरंच इतके वाईट होतो का, हा सल मात्र चाळीस वर्षं गेला नाही. आणि विचारणार कुणाला? विचारलं की लोक चिवचिव करणार.

गेल्या महिन्यात बापूसोंची मुलगी आदिती पुण्याहून आली. ती तिकडं साउंडचं काम करते. माळ्यावर तिला 'भट्टी'ची ती कॅसेट सापडली. ती हसली नाही. उलट हंबीररावांना बोलावून तिनं विचारलं, "काका, सुरुवातीला पेटी वाजतीय, ती पेटी अजून आहे?"

पेटी देवळात होतीच. हंबीररावांनी तिच्यावर तेव्हाचाच सूर धरला. कॅसेटमधला सूर पार वर निघाला.

"पेटी कशी बदलंल?" आदिती म्हणाली. "रेकॉर्डिंगच्या वेळी टेपच हळू फिरत होता. म्हणून लावल्यावर सगळं जोरात पळतंय आणि आवाज चिरका होतोय. बाबा, सेल उतरले होते का?"

"उतरतील कशानं?" बापूसो फुशारकीनं म्हणाले. "आदल्या दिवशी पत्र्यावर उन्हात चांगलं वाळवलंतं की!"

त्या काळी सगळेच तसं करायचे म्हणा. संपलेला सेल उन्हात ठेवला की जरा दम धरतो, पण जराच.

आदितीनं लॅपटॉपवर वेग उतरवून सूर पेटीबरोबर आणून बसवला आणि गाणं लावलं. गिटार दणकन अंगावर आली. मागनं एक आवाज आला, जाड, फाटका, संतापलेला, भट्टीपुढं उभ्या माणसाचा.

"ह्यो मी हाय?" हंबीरराव पुटपुटले.

"काका, हे लई भारी आहे," आदिती म्हणाली. "असल्या गाण्याला असाच आवाज लागतो."

हंबीररावांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदमच आलं. "बापू, लेका! तुझ्या सेलापायी चाळीस वर्सं चिमणी झालो न्हवं मी!"

"पुन्यांदा लाव गं," बापूसो खाली मान घालून लेकीला म्हणाले.

त्या संध्याकाळी आरतीत हंबीररावांनी तोंड उघडलं. पुढची माणसं दचकून मागं वळली, पुजाऱ्याच्या हातातली घंटा क्षणभर थांबली. हंबीरराव शेवटपर्यंत गायले.

घरी जाताना तानाबाई म्हणाल्या, "अवो, आवाज लई फाटका हाय की तुमचा."

"व्हय," हंबीरराव खुशीत म्हणाले. "पैल्यापासनंच."